पिंजऱ्याची कळ कोणाच्या हातात?

आमच्या व्यासपीठांवर दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले वाक्य असे की, माणूस परिस्थितीने घडतो. जन्माने कोणी हुशार नसतो की ढ नसतो, शुद्ध नसतो की अशुद्ध नसतो. दुसरे वाक्य असे की, आपला समाज झोपलेला आहे, लाचार झाला आहे, त्याला स्वतःहून काही करायचेच नाही. ही दोन्ही वाक्ये एकाच भाषणात, कधी कधी तर एकाच दमात म्हटली जातात आणि टाळ्याही दोन्हींना पडतात. पण वाचकहो, ही दोन वाक्ये एकत्र नांदू शकतात काय? माणूस परिस्थितीनेच घडत असेल तर झोपलेल्याला दोष कसला देता? आणि उठायचे की नाही हे त्याच्याच हाती असेल, तर परिस्थितीनेच सगळे घडते हे म्हणणे कोठे राहिले?

हा घोळ केवळ आमच्याच व्यासपीठावर आहे असे समजण्याचे कारण नाही. विसाव्या शतकात अमेरिकेच्या विद्यापीठांतून या प्रश्नावर मोठे रणकंदन झाले. 'वर्तनवाद' नावाचा पंथ मानसशास्त्रात निर्माण झाला आणि माणसाला इच्छास्वातंत्र्य म्हणून काही नाहीच, असे त्याने ठणकावून सांगितले. आमच्या महाविद्यालयांत मानसशास्त्र घेणारी मुले 'अभिसंधान', 'प्रबलन' असले जड शब्द पाठ करून परीक्षा देतात आणि विसरून जातात. त्या शब्दांच्या पोटात आमच्या वस्तीचे प्रश्न दडलेले आहेत, हे त्यांना कोणी सांगत नाही. ते सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

फेब्रुवारी १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जॉन बी. वॉटसन या पस्तीस वर्षांच्या प्राध्यापकाने एक व्याख्यान दिले. त्याचा सारांश असा की, मन, जाणीव, इच्छा हे शब्द शास्त्रातून हद्दपार करा. कोणाच्या मनात काय चालले आहे ते दिसत नाही, मोजता येत नाही. दिसते ते वर्तन. बाहेरून चेतक येतो, प्राणी प्रतिसाद देतो. या दोहोंचे नाते शोधा म्हणजे वर्तनाचे भाकीत करता येईल आणि त्यावर ताबाही मिळवता येईल. रशियात पावलॉव्हने आधीच दाखवले होते की, कुत्र्याला अन्न देण्यापूर्वी दरवेळी एखादा आवाज ऐकवला, तर पुढे नुसत्या आवाजानेही त्याच्या तोंडाला लाळ सुटते. वॉटसनने हा धागा उचलला आणि माणसापर्यंत ताणला.

या व्याख्यानानंतर पाच महिन्यांनी, जुलै १९१३ मध्ये, बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन एक तरुण त्याच विद्यापीठात दाखल झाला. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. तेथे त्यांना जॉन ड्यूई हे गुरू लाभले. गंमत अशी की, वॉटसनही तरुणपणी शिकागोला गेला तो ड्यूईंकडे तत्त्वज्ञान शिकण्यासाठीच. ड्यूई काय सांगतात ते आपल्याला कधी कळलेच नाही, असे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले. ज्या गुरूचे वॉटसनला कळले नाही, त्या गुरूचे ऋण बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात जाहीरपणे मान्य केले. आमच्या मते या एका गोष्टीत पुढच्या सगळ्या वादाचे बीज आहे. ते कसे, हे थोडे पुढे पाहू.

प्रथम वर्तनवादाचे जे देणे आहे ते देऊन टाकले पाहिजे. १९२० च्या दशकातली अमेरिका कशी होती? गोऱ्यांमध्येही उच्च वंश आणि हीन वंश असे भेद करणारे 'सुप्रजननशास्त्र' तेथे विद्वानांच्या आणि कायदेमंडळाच्या डोक्यावर बसले होते. १९२४ च्या कायद्याने दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या लोकांचा प्रवेश आखडला आणि आशियाई लोकांना तर दारच बंद केले. १९२७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या गरीब तरुणीची सक्तीने नसबंदी करणे कायदेशीर ठरवले. कारण काय, तर तिच्या रक्तातच मतिमंदत्व आहे! अशा काळात वॉटसनने आव्हान दिले की, मला डझनभर निरोगी मुले द्या आणि त्यांना वाढवायला माझे स्वतःचे जग द्या. त्यातले कोणतेही मूल उचलून मी डॉक्टर, वकील, चित्रकार करीन किंवा भिकारी आणि चोरही करीन, मग त्याचे पूर्वज कोणत्याही वंशाचे असोत. हे पुराव्याच्या पलीकडचे बोलणे आहे हे त्याने तेथेच कबूल केले. पण उलट बाजूचे लोक हजारो वर्षे हेच करीत आले आहेत, असा टोलाही लगावला.

जन्मावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या देशातल्या वाचकाला हे आव्हान वाचून आनंद न झाला तरच नवल. आमच्याकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काय केले होते? जमातच्या जमात जन्मजात गुन्हेगार ठरवली होती. आईच्या पोटातून बाहेर पडलेले मूल चोर! सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटची आठवण सांगणारी कुटुंबे आजही महाराष्ट्रात आहेत. हा कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला, पण पोलिसांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही. रक्ताने नव्हे, परिस्थितीने माणूस घडतो, हे सांगणारा कोणीही आम्हाला त्या मर्यादेपर्यंत आपला वाटतो.

पण त्या मर्यादेपर्यंतच! कारण ते आव्हान पुन्हा नीट वाचा. मुले दुसऱ्याची, ती कोणाच्या हाती द्यायची, तर वॉटसनच्या. कोण डॉक्टर होणार आणि कोण भिकारी, हे तोच ठरवणार. मुलाला कोणी विचारणार नाही. जन्माने ठरवणारा मनू गेला आणि प्रयोगशाळेतून ठरवणारा प्राध्यापक आला. मुलाच्या दृष्टीने फरक काय पडला?

ही आमची ओढूनताणून केलेली शंका नाही. १९२० मध्ये वॉटसन आणि त्याची सहकारी रोझली रेनर यांनी बाल्टिमोरमधल्या एका प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली. 'अल्बर्ट' असे नाव दिलेले अकरा महिन्यांचे बाळ. त्याला पांढरा उंदीर दाखवायचा, त्याने हात लावला की मागे लोखंडी दांडीवर हातोडा हाणायचा. बाळ दचकून रडे. काही दिवसांत नुसता उंदीर पाहूनच ते रडू लागले. मग ससा, कुत्रा, केसाळ कोट, यांनाही भिऊ लागले. प्रयोग यशस्वी! ती भीती काढून टाकण्याचे काम मात्र राहूनच गेले, बाळ तेथून निघून गेले. या बाळाची आई त्याच रुग्णालयात दाई होती, दुसऱ्यांच्या मुलांना अंगावर पाजण्याच्या नोकरीत. हा तपशील आमच्या पाठ्यपुस्तकांत सापडत नाही, पण आमचा वाचक तेथेच थबकेल अशी आमची खात्री आहे. हातोड्याच्या आवाजाखाली बसवायला मूल कोणाचे मिळते? न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, चारच वर्षांनी मेरी कव्हर जोन्स या बाईने याच शास्त्राचा उपयोग करून एका लहान मुलाची सशाची भीती घालवून दाखवली. आज भीतीच्या आणि चिंतेच्या विकारांवर जे वर्तनोपचार होतात, त्यांची सुरुवात तेथे आहे. शास्त्र तेच, पण एका हाताने भीती घातली आणि दुसऱ्या हाताने काढली. वॉटसन स्वतः पुढे विद्यापीठ सोडून जाहिरात कंपनीत गेला, हेही सहज नोंदवून ठेवू.

वॉटसननंतर या पंथाचा मोठा आचार्य म्हणजे बी. एफ. स्किनर. जन्म १९०४, मृत्यू १९९०. स्किनरने पिंजरा तयार केला. आत उंदीर, भिंतीला एक कळ. कळ दाबली की दाणा पडतो. उंदीर फिरता फिरता चुकून कळ दाबतो, दाणा मिळतो, मग पुन्हा दाबतो. दाण्याला नाव 'प्रबलन'. दाणा दरवेळी न देता कधी दिला, कधी नाही, असे अनियमित केले तर प्राणी त्या कळीला सर्वांत जास्त चिकटून राहतो, हा त्याचा महत्त्वाचा शोध. मटक्याच्या अड्ड्यावर रोजंदारी घालवणारा मजूर का सुटत नाही, हे समजायला या एका शोधाइतकी मदत दुसऱ्या कशाची क्वचितच होईल. त्याला 'व्यसनी', 'करंटा' म्हणून शिव्या देणाऱ्यांनी तेवढे तरी वाचावे.

स्किनरचा आणखी एक प्रयोग आमच्या वाचकांना आवडेल असा आहे. १९४८ मध्ये त्याने आठ भुकेली कबुतरे घेतली आणि ती काय करतात याकडे न पाहता, ठराविक सेकंदांनी आपोआप दाणे पडतील अशी व्यवस्था केली. कबुतराच्या कर्तृत्वाचा दाण्याशी काही संबंध नव्हता. तरी आठांपैकी सहा कबुतरांनी आपापले 'विधी' सुरू केले! एक गोल प्रदक्षिणा घालू लागले, एक कोपऱ्यात मान खुपसू लागले, कोणी डोके लंबकासारखे हलवू लागले. दाणे पडण्याच्या क्षणी जे चालले होते त्यामुळेच दाणे पडले, असा जणू त्यांचा ग्रह झाला. पुढे १९७१ मध्ये इतर संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि ही हालचाल बरीचशी अन्नाची वाट पाहणाऱ्या पक्ष्याची उपजत हालचाल असते, असे दाखवले. तेव्हा कबुतरे अंधश्रद्धाळू आहेत असे आम्ही म्हणणार नाही. माणसांविषयी वाचकांनी स्वतः ठरवावे.

येथवर आमची फारशी तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती १९७१ पासून. त्या वर्षी स्किनरचे 'बियाँड फ्रीडम अँड डिग्निटी' हे पुस्तक आले. म्हणजे स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठा यांच्या पलीकडे! 'टाइम' साप्ताहिकाने त्याला मुखपृष्ठावर घेतले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : माणूस स्वतंत्रपणे काही निवडतो ही भ्रांती आहे. जे वागणे आहे ते पूर्वीच्या बक्षीस-शिक्षांनी ठरलेले असते. एखाद्याच्या चांगल्या वागण्याची कारणे आपल्याला दिसत नाहीत, म्हणून आपण त्याचे श्रेय त्याला देतो. यालाच प्रतिष्ठा म्हणतात. कारणे कळू लागली की श्रेय कमी होते. म्हणून या जुन्या कल्पना टाकून द्या आणि शास्त्रशुद्ध पद्धतीने समाजाची रचना करा. अशा समाजाचे चित्र त्याने १९४८ च्या 'वॉल्डन टू' या कादंबरीत रंगवले होते. तेथे सगळे सुखी आहेत, भांडण नाही, मत्सर नाही. आणि वरचे नियोजक? ते निवडणुकीने येत नाहीत.

आता 'प्रतिष्ठा' हा शब्द आम्ही कोठून शिकलो? संविधानाच्या प्रास्ताविकेतून. व्यक्तीची प्रतिष्ठा तेथे बंधुतेच्या जोडीने आलेली आहे, परीक्षेतल्या गुणांच्या जोडीने नव्हे. स्किनर ज्याला प्रतिष्ठा म्हणतो ते म्हणजे कर्तबगारीबद्दल मिळणारी शाबासकी. ती कमी-जास्त होईल, काढूनही घेता येईल. पण आम्ही ज्या प्रतिष्ठेसाठी लढलो ती काही केल्याबद्दल मिळणारे बक्षीस नव्हती. गटार साफ करणाऱ्याला आणि न्यायाधीशाला ती सारखीच लागू होते. बाबासाहेबांनी संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात राजकारणात प्रत्येकाचे मूल्य समान आणि सामाजिक, आर्थिक जीवनात मात्र असमान, या विसंगतीवर बोट ठेवले ते याच अर्थाने. वर्तनाची कारणे शोधून काढल्याने ही प्रतिष्ठा तसूभरही कमी होत नाही, कारण ती वर्तनावर अवलंबून नव्हतीच मुळी. स्किनरसारख्या बुद्धिमान माणसाला हे दिसू नये याचे आम्हाला आश्चर्य वाटत नाही. ज्याला प्रतिष्ठा जन्मापासून फुकट मिळाली, त्याला ती शाबासकीसारखी वाटणे साहजिक आहे.

नोम चॉम्स्की यांनी स्किनरवर दोनदा हल्ला केला. एकदा १९५९ मध्ये भाषेच्या प्रश्नावर आणि पुन्हा १९७१ मध्ये या पुस्तकावर. त्यांचा मुख्य मुद्दा आमच्या पद्धतीने सांगायचा तर असा : पिंजऱ्यात 'प्रबलन' या शब्दाला अर्थ आहे, कारण तेथे दाणा मोजता येतो. पिंजऱ्याबाहेर मात्र माणसाने काहीही केले तरी 'त्याला त्यातून काहीतरी प्रबलन मिळाले असणार' असे म्हणायचे. लाच घेतली, प्रबलन! लाच नाकारली, तरी प्रबलन! सगळ्याचेच स्पष्टीकरण देणारा शब्द कशाचेच स्पष्टीकरण देत नाही. आमच्याकडे 'पूर्वसंचित' हा शब्द अगदी हेच काम करीत आला आहे. श्रीमंत झाला तर पूर्वसंचित, कंगाल झाला तर पूर्वसंचित. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत का नाकारला? त्या सिद्धांताने दरिद्री माणसाच्या दारिद्र्याचा दोष त्याच्याच माथी बसतो आणि समाज व राज्य मोकळे सुटतात म्हणून. त्याच ग्रंथात बुद्धाच्या काळातला मक्खली गोसालाचा नियतिवादही येतो. जे घडायचे ते ठरलेलेच आहे, माणसाच्या हाती काही नाही, असे तो सांगे. बुद्धाने तोही नाकारला आणि प्रत्येक गोष्टीला कारण असते हेही ठामपणे सांगितले. कारण असणे आणि आधीच ठरलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्किनरची गल्लत नेमकी येथे झाली आहे.

आणि येथेच ड्यूईंचा मुद्दा कामी येतो. १८९६ मध्येच, म्हणजे वॉटसनच्या व्याख्यानाच्या सतरा वर्षे आधी, त्यांनी चेतक आणि प्रतिसाद अशी कापाकापी चूक आहे असे एका लेखात दाखवले होते. मूल मेणबत्तीच्या ज्योतीला हात लावते आणि भाजते. पुढच्या वेळी ज्योत तीच असते, पण मुलाच्या दृष्टीने ती आता वेगळी वस्तू झालेली असते. म्हणजे चेतक नुसता बाहेरून येत नाही. आपण काय करीत आहोत, काय शिकलो आहोत, त्यावरून तो चेतक ठरतो. माणूस सवयींचा बनलेला असतो हे ड्यूईंनाही मान्य होते, त्यांनी १९२२ मध्ये त्यावर ग्रंथच लिहिला. पण सवय अडली, चालेनाशी झाली की विचार सुरू होतो आणि विचाराने सवय बदलता येते, असे ते सांगत. जात ही मनाची एक अवस्था आहे, ती विटांची भिंत नव्हे, असे बाबासाहेब सांगतात तेव्हा ते वॉटसनचे ऐकत नसतात, ड्यूईंचे ऐकून त्याच्याही पुढे जात असतात.

वर्तनवादाच्या चष्म्यातून चातुर्वर्ण्य पाहिले तर काय दिसते? बक्षीस-शिक्षांचे एक पक्के वेळापत्रक दिसते. प्रत्येक जातीच्या खाली आणखी एक जात ठेवून प्रत्येकाला रोज श्रेष्ठत्वाचा एक एक दाणा टाकायचा. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे रहस्य या दाण्यात आहे. वरून लाथ बसली तरी खाली मारायला कोणीतरी आहे, यावर माणसे शतकानुशतके समाधानी राहिली. एवढे वर्तनवादाने नीट समजते आणि आम्ही ते समजून घेतले पाहिजे.

पण एक गोष्ट समजत नाही. हे अभिसंधान जर इतके पक्के होते, तर शिक्षा एवढ्या भयंकर कशाला लागल्या? वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेले शिसे ओतावे, असे गौतमाचे धर्मसूत्र कशाला सांगते? वरच्या वर्णाच्या आसनावर बसणाऱ्याच्या कमरेला डाग द्यावा, असे मनुस्मृती कशाला सांगते? जो कधी बसणारच नाही, त्याच्यासाठी कोणी कायदा करतो काय? चातुर्वर्ण्य दंडाशिवाय टिकूच शकत नाही, हे बाबासाहेबांनी शंबूकाचा दाखला देऊन 'जातिनिर्मूलना'त स्पष्ट केले आहे. आम्ही त्यात एवढीच भर घालतो की, प्रत्येक क्रूर शिक्षा ही कोणीतरी ऐकत नव्हते याची लेखी पावती आहे. पिंजरा बांधणाऱ्यांनीच ती लिहून ठेवली आहे.

स्किनरच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो शिक्षेच्या विरुद्ध होता. शिक्षेने वागणे नाहीसे होत नाही, काही काळ दबते. मग माणूस पळतो किंवा उलटून वार करतो, असे तो म्हणे. स्वातंत्र्याच्या वाङ्मयाने छळणाऱ्या सत्तेविरुद्ध माणसांना उठवले हेही त्याने मान्य केले. त्याची तक्रार अशी की, दाणा टाकून ताबा ठेवणाऱ्या सत्तेपुढे हे वाङ्मय आंधळे असते. या तक्रारीत तथ्य आहे. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने ६ लाख ८९ हजार वापरकर्त्यांना न विचारता, त्यांच्यापुढे येणाऱ्या मजकुरातला आनंदाचा वा दुःखाचा भाग कमी करून, त्यांच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो ते पाहिले. २०१४ मध्ये ते प्रसिद्ध केले. परिणाम अगदी किरकोळ होता, पण परवानगी कोणी दिली होती? आमची तरुण पोरे रात्री दोनपर्यंत अंगठ्याने पडदा सरकवत बसतात. कधी काही मिळते, कधी नाही. पिंजरा खिशात आला आहे आणि कळ आपण दाबतो असे वाटते, एवढेच. काठी मारणाऱ्याशी कसे लढायचे ते आम्हाला माहीत आहे. दाणा टाकणाऱ्याशी लढण्याची आमची तयारी कमी आहे.

इच्छास्वातंत्र्याचा वाद २०२३ मध्ये पुन्हा पेटला. रॉबर्ट सापोल्स्की या अमेरिकन शास्त्रज्ञाने 'डिटर्माइन्ड' या ग्रंथात, जनुकांपासून बालपणापर्यंतच्या कारणांपुढे इच्छास्वातंत्र्याला जागाच उरत नाही, म्हणून दोष आणि श्रेय दोन्ही सोडून द्यावेत, असे मांडले. त्याच वर्षी केव्हिन मिचेल या दुसऱ्या शास्त्रज्ञाने उलट बाजू मांडली. विद्वानांचे चालू द्या. आम्ही पाहतो ते हे की, आमच्या समाजात हा सिद्धांत वाटला कसा जातो. गावात अत्याचार झाला की आरोपीच्या बाजूने कुजबुज सुरू होते, 'पोरं तापट आहेत, वातावरणच तसं होतं, संस्कारच तसे.' म्हणजे वरच्याला परिस्थिती! आणि शिष्यवृत्तीवर शिकणारा मुलगा नापास झाला की, 'यांना मेहनत नको.' म्हणजे खालच्याला इच्छास्वातंत्र्य! तीन पिढ्यांची शिकवणी, इंग्रजी शाळा आणि ओळखीपाळखी घेऊन पुढे गेलेल्याचे ते 'मेरिट', तेथे परिस्थितीचे नाव नाही. दोष सोडायचे असतील तर श्रेयही सोडा. सापोल्स्की निदान तेवढा प्रामाणिक आहे. येथे दोन वजने, दोन मापे चालतात.

आता सुरुवातीच्या दुसऱ्या वाक्याकडे वळू, समाज झोपला आहे या वाक्याकडे. १९६७ मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठात मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर एक क्रूर प्रयोग केला. काही कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले की जे थांबवणे त्यांच्या हाती होते; काहींना असे की काहीही केले तरी थांबत नाहीत. नंतर सर्वांना अशा पेटीत ठेवले, जेथे लहानशी आडवी फळी ओलांडली की झटक्यापासून सुटका. पहिले कुत्रे उडी मारून सुटले. दुसऱ्यांतले बहुतेक तेथेच बसून, कण्हत झटके सहन करीत राहिले. याला 'शिकलेली असहायता' असे नाव पडले आणि जगभरच्या गरिबांना ते चिकटवले गेले. माणसाला कुत्र्याच्या पंगतीला बसवणे आम्हाला रुचत नाही. महाडच्या तळ्यावर कुत्र्याला पाणी पिता येत होते आणि आम्हाला नव्हते, हे आम्ही विसरलेलो नाही. पण पुढची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच मायर आणि सेलिग्मन यांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे जाहीर केले की, आमचा सिद्धांत उलटा होता. असहायता शिकावी लागत नाही. दीर्घकाळ छळ झाला की गप्प बसणे ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावे लागते ते हे की, माझ्या करण्याने काही बदलते. ते शिकले की मेंदूचा पुढचा भाग ती निष्क्रियता दाबून टाकतो.

म्हणजे झोपलेला समाज हा गुन्हेगार नव्हे आणि रोगीही नव्हे. त्या जुन्या प्रयोगातल्या कुत्र्यांना भाषण देऊन कोणी उठवले नाही. त्यांना पट्ट्याने ओढून अनेकदा फळीपलीकडे न्यावे लागले, तेव्हा कोठे ते स्वतः उड्या मारू लागले.

महाडकडे या नजरेने पाहा. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये संमत झाला आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदावर दार उघडे होते. तीन वर्षे कोणी गेले नाही. झोपले होते म्हणून? नव्हे, झटका बंद झालेला नव्हता म्हणून. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागे लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि लगेच त्यांच्यावर लाठ्या घेऊन हल्ला झाला, तळे शेणा-गोमूत्राने 'शुद्ध' करण्यात आले. वर्तनवादाच्या साध्या गणिताने ही माणसे पुन्हा तेथे फिरकायला नको होती. वर्तनवादी म्हणेल की, तेथे निवृत्त सैनिक होते, पलटणीच्या शाळेत शिकलेले होते, सोबत नेता होता. त्यांचे पूर्वीचे अनुभव वेगळे होते. अगदी खरे आहे. इच्छाशक्ती आभाळातून पडत नाही, ती अशीच सोबतीत आणि सरावात तयार होते.

पण डिसेंबरात जे घडले त्याचे काय करायचे? माणसे मार खाल्लेल्या जागी हजारोंनी परत आली. सत्याग्रहासाठी सुमारे चार हजार लोकांनी नावे नोंदवली. दरम्यान सवर्णांनी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. लोक पेटलेले, तळे समोर, जिल्हाधिकारी सभेत येऊन सांगून गेलेला. परिषदेत खल झाला. तळ्यावर जावेच अशी भाषणे झाली. शेवटी बाबासाहेबांनी समजावून सांगितले की, लढा सवर्णांशी आहे, सरकारशी नाही, दाव्याचा निकाल लागेपर्यंत थांबू. जमावाने ते ऐकले. पाण्यावाचून परतायचे असे ज्यांनी ठरवले, त्यांना त्या क्षणी कोणता दाणा मिळत होता, हे आम्हाला स्किनरच्या कोणत्याही पिंजऱ्यात सापडलेले नाही. लोकांनी तळ्याला शांततेने मिरवणुकीने फेरी घातली आणि ते गावोगाव परतले. दावा पुढे दहा वर्षे चालला. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.